मनालीच्या पुढे बर्फावर गाडी घसरते, अडकते, सकाळी सुरू होत नाही: कारणं आणि उपाय

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. सकाळी जाताना गाडी व्यवस्थित चढली, दुपारनंतर उतरताना ब्रेक दाबला तर थांबेचना. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा माणूसही तोच. पलचान, सोलंग, धुंदी, अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड आणि पलीकडचं सिस्सू या टप्प्यात दर हिवाळ्यात हे होतं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तिथे एकेका दिवशी हजारच्या घरात गाड्या अडकल्या होत्या. गुलमर्गच्या आधीचा टंगमर्ग घाट असो वा शिमल्याच्या वरचं कुफ्री, कारणं तीच आहेत. इथे उदाहरण मनालीचं घेतलंय, कारण पुणे-नाशिक-नागपूरहून स्वतःची गाडी घेऊन बर्फात जाणारे बरेच जण तिथेच पहिल्यांदा बर्फ चालवतात.

आपल्या लोकांना घाटाची सवय असते आणि नेमकी तीच इथे दगा देते. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या धो-धो पावसात गाडी चालवणाऱ्याला वाटतं की निसरडा रस्ता आपल्याला ठाऊक आहे. पण ओल्या डांबरावर टायरची निम्म्याहून अधिक पकड शिल्लक असते. गोठलेल्या रस्त्यावर सातवा हिस्साही उरत नाही. पावसात कामाला येणारी सवय, म्हणजे वळणाच्या जरा आधी ब्रेक, मग गिअर खाली, इथे फार उशिराची ठरते.

उतारावर गाडी का थांबत नाही

आकडे पाहिले की गोष्ट लगेच स्पष्ट होते. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक साधारण ०.७ असतो, दबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ३० किमी वेगाने जाणारी गाडी सपाट कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून ५ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या बर्फावर तिलाच १८ मीटर लागतात, गोठलेल्या थरावर ३५. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी ८ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळे.

हे झालं सपाट रस्त्याचं. बोगद्याचं दक्षिण तोंड ३,०६० मीटरवर आहे, मनाली साधारण २,०५० मीटरवर. मधलं अंतर २५ किमीच्या आसपास. म्हणजे सरासरी उतार ४ टक्के, आणि वळणांवर त्याहून बराच जास्त. उतार पकडीतून थेट वजा होतो. ०.१ पकड आणि ४ टक्के उतार असेल, तर ब्रेकच्या वाट्याला फक्त ०.०६ उरतं, आणि ताशी ३० वरून थांबायला ५९ मीटर लागतात. उतार ८ टक्के झाला की १७५ मीटरच्या वर. उतार १० टक्के असेल, तर चारही चाकं पूर्ण जाम करूनही गाडी थांबत नाही. ब्रेक चांगले की वाईट याचा इथे काही संबंधच नाही. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो रस्ता.

चढताना हे जाणवत नाही, कारण तेव्हा उतार तुमच्या बाजूने असतो. पाय काढला की गाडी आपोआप मंदावते. म्हणून गाडी चढली यावरून ती उतरेल असा अंदाज बांधू नका.

दुसरं कारण वेळेचं. सकाळचा ताजा भुसभुशीत बर्फ टायरच्या खाचांत शिरतो आणि थोडी पकड देतो. दिवसभर शेकडो गाड्या त्यावरून गेल्या की तो दाबून गुळगुळीत होतो. दुपारच्या उन्हात वरचा थर वितळतो, दरी अरुंद असल्यामुळे सूर्य लवकर डोंगराआड जातो आणि तेच पाणी पुन्हा गोठतं. सर्वांत निसरडा बर्फ खूप थंड नसतो. शून्य अंशाच्या आसपास, वर पाण्याची पातळ फिल्म असलेला बर्फ सर्वांत वाईट. उणे १५ अंशांवरचा कडक बर्फ त्याहून बरा. त्यामुळे दुपारी ३ नंतर परतीला निघणारी गाडी दिवसातल्या सर्वांत वाईट रस्त्यावर, सर्वांत जास्त गर्दीत, उताराने येत असते. सकाळी ९-१० वाजता वर जाऊन दीड-दोनच्या सुमारास खाली सोलंगपर्यंत पोहोचणं, हा एक बदल बाकीच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बर्फ दिसत नाही तिथे

पांढरा बर्फ निदान दिसतो. धोका जास्त असतो तो डांबरावर गोठलेल्या पारदर्शक थराचा. तिकडचे ड्रायव्हर त्याला 'पाला' म्हणतात आणि 'आगे पाला है' असं कुणी सांगितलं, तर ते हलक्यात घेऊ नये. रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाण्याचे शिंतोडे उडत नाहीत. टायरचा आवाज एकदम बंद होतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. या तीनपैकी एकही खूण जाणवली, तर रस्ता गोठलेला आहे असंच समजा.

जागाही ठरावीक आहेत: पूल (वरून आणि खालून दोन्हीकडून थंड होतो, म्हणून आधी गोठतो), देवदारांच्या दाट सावलीतली वळणं, डोंगरातून झरा किंवा हॉटेलच्या टाकीचं पाणी रस्ता ओलांडतं ती ठिकाणं, आणि बोगद्याचं तोंड. गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान ३ अंश किंवा त्याखाली दिसलं की सावध व्हा. जमिनीलगतचं तापमान त्याहून कमी असू शकतं.

उतरायची पद्धत

सगळं ठरवायचं ते उतार सुरू होण्याआधी, सपाट जागेवर. पुढे-मागे कुणी नाही असं पाहून ताशी १० च्या वेगात ब्रेक जोरात दाबा. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर लगेच पायाला लागली, तर पकड नाही हे कळलं. मग टायरवर बसवायची लोखंडी चेन इथेच चढवायची, उतारावर नाही.

दुसरा गिअर टाकून उतरा. पहिला नको: इंजिन चाकांना इतकं जोरात अडवतं की पुढची चाकं त्यामुळेच घसरू शकतात. फार तीव्र उतारावर पहिला लागलाच, तर तो वर थांबलेले असतानाच टाका. अर्ध्या उतारात खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडणं म्हणजे हँडब्रेक ओढल्यासारखंच आहे. एएमटी गाडी स्वतःच्या मर्जीने गिअर खाली टाकते, म्हणून तिला मॅन्युअल मोडमध्ये ठेवा. ऑटोमॅटिकलाही तेच. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत रीजेन ब्रेकिंग (पाय काढताच मोटरनेच गाडी मंदावणं) सर्वांत कमी ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांत ते एकाच अॅक्सलवर लागतं आणि पाय काढताक्षणी तीच चाकं सुटतात.

वेग ताशी १५. हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण ४ टक्के उतारावर, गोठलेल्या रस्त्यावर ताशी १५ वरून गाडी १५ मीटरमध्ये थांबते आणि ३० वरून ५९ मीटरमध्ये. वेग निम्मा केला की अंतर पाव होतं. पुढच्या गाडीपासून अंतर मोजून ठेवण्याऐवजी एक नियम पाळा: तीव्र उताराच्या किंवा चढाच्या तुकड्यावर एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी तो तुकडा पार करून सपाटीवर पोहोचली की मग तुम्ही निघा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या. साखळी अपघात होतात ते दोन गाड्यांमध्ये पुरेसं अंतर नसल्यामुळे.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम बर्फात दुप्पट महत्त्वाचा. चढावर एकदा थांबलेली गाडी पुन्हा सुटत नाही, आणि मग ती दोन्ही बाजूंची वाट अडवते.

ब्रेक लावायचाच, तर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, हलक्या पायाने. टायरची पकड एका वेळी एकाच कामाला पुरते: ब्रेक तरी, वळण तरी.

तरीही गाडी सुटली तर

स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच चालली आहे, याचा अर्थ पुढची चाकं घसरताहेत. स्वाभाविक ओढ स्टिअरिंग आणखी फिरवण्याची असते, ते करू नका. अॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही सोडा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, चाक पुन्हा फिरू लागलं की पकड येते, मग हळू वळवा.

मागचा भाग बाजूला चालला असेल, तर मागचा भाग ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा, क्लच दाबा, ब्रेकला हात किंवा पाय लावू नका. गाडी सरळ होऊ लागली की स्टिअरिंगही लगेच सरळ करा, नाहीतर ती उलट बाजूला झटका देते.

एबीएस असेल, तर पेडल थरथरलं तरी पाय उचलू नका. उचलून-दाबून पंपिंग फक्त एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत करायचं. सैल बर्फावर मात्र एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढतं हे लक्षात असू द्या, कारण जाम झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग जमवून थांबतं आणि एबीएस ते होऊ देत नाही. त्या बदल्यात गाडी वळवता येते.

काहीच उपाय चालत नसेल, तर दरीऐवजी डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगाला किंवा गटाराला गाडी लावा. बंपर मोडेल, पण गाडी थांबेल. घसरत्या गाडीतून उडी मारू नका. बर्फावर उभं राहताच पाय निसटतो आणि माणूस स्वतःच्याच गाडीखाली जातो. पट्टा लावून आत बसलेला माणूस ताशी १०-१५ च्या धडकेत सुरक्षित असतो. घसरणारी गाडी हाताने अडवायला पुढे जाणंही तितकंच घातक. १,२०० किलो वजन चार माणसांना थोपवता येत नाही. उतरायचंच असेल, तर गाडी पूर्ण थांबल्यावर, वरच्या बाजूने, आणि लगेच डोंगराच्या कडेला. खालच्या बाजूला किंवा दोन गाड्यांच्या मध्ये कुणीही उभं राहू नये.

चेन लावली तरी उपयोग होत नाही

बर्फ पडल्यावर पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगच्या पुढे फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतात. रस्त्याच्या कडेला चेन भाड्याने मिळते आणि लावूनही देतात. तिथेच पहिली चूक होते: मापाची नसलेली चेन. टायरच्या कडेवर लिहिलेलं पूर्ण माप, उदाहरणार्थ २१५/६० आर १६, चेनच्या मापाशी जुळलं पाहिजे. सैल चेन फिरताना ब्रेकच्या पाइपवर आणि मडगार्डवर आपटते. घरून निघण्याआधीच मापाची चेन घ्या आणि गाडीचं माहितीपुस्तक पाहा. काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शनच्या मध्ये चेन मावण्याइतकी जागाच नसते. तिथे कापडी मोज्यासारखी आवरणं चालतात, पण ती कोरड्या डांबरावर काही किलोमीटरमध्ये फाटतात. टायरला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर, निदान गोठलेल्या उतारासाठी, भरवसा ठेवू नये.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी तपासत नाही. बऱ्याच गाड्यांचं स्टेपनी टायर मुख्य टायरपेक्षा लहान असतं. पंक्चर झालं आणि स्टेपनी लागली, तर ती चेन तिला बसत नाही. चेन असलेल्या चाकालाच पंक्चर झालं, तर चेन नसलेल्या जोडीतलं एक चांगलं चाक काढून तिथे लावा आणि स्टेपनी त्याच्या जागी घाला.

चेन कुठल्या चाकांना? इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना. क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा, एर्टिगा या पुढची चाकं चालवणाऱ्या गाड्या, चेन पुढे. बोलेरो, टू-व्हील-ड्राइव्ह स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालतात, चेन मागे. भाड्याने लावून देणारा घाईत चुकू शकतो, म्हणून स्वतः खात्री करा. आणि हे नीट समजून घ्या: पुढे चेन, मागे साधे टायर असलेली गाडी उतारावर जोरात ब्रेक लावला की मागून फिरते, कारण पुढचा भाग थांबतो, मागचा थांबत नाही. मागे चेन असलेली गाडी वळणावर सरळ जायला बघते. चारही चाकांना चेन असेल तर उत्तम. दोनच असतील, तर चेन आहे म्हणून वेग वाढवायचा नाही.

चढवायची रीत: इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी सपाटीवर. चेनचा गुंता पूर्ण सोडवून ती टायरवर पसरा. कड्यांची टोकदार बाजू बाहेर राहिली पाहिजे, रबराकडे नाही. आतल्या बाजूचा हूक आधी, बाहेरचा नंतर. गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन राहिलेला भाग ओढून बसवा आणि ताणा. मग ५० ते १०० मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ताणा. हा दुसरा ताण बहुतेक जण टाळतात आणि चेन तुटण्याचं तेच पहिलं कारण असतं. उरलेलं टोक बांधून टाका. वेग ३० च्या आत. हे सगळं उणे ५ अंशांत, बधिर बोटांनी पहिल्यांदा करायला गेलं, तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. घरच्या पार्किंगमध्ये दोनदा सराव केला, तर दहा मिनिटांत होतं. रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली टाकायला पायपुसणं सोबत ठेवा.

आता बोगद्याचा प्रश्न. अटल बोगदा ९.०२ किमी लांब आहे आणि आतला रस्ता कोरडा. कोरड्या रस्त्यावर चेन वेगाने झिजते, कडी तुटली तर मडगार्ड फाडते. आत थांबता येत नाही. म्हणून तोंडाच्या आधीच्या रुंद जागेत चेन काढा, किंवा पूर्ण बोगदा ताशी २५-३० ने पार करा. उत्तरेकडे बाहेर पडताना तोंडाच्या बऱ्याच आधी वेग कमी करा: नऊ किलोमीटर छान पकड मिळाल्यावर पाय सैलावलेला असतो आणि बाहेरचा पहिला मीटरच गोठलेला असू शकतो. तिकडचं हवामान अलीकडच्यापेक्षा पूर्ण वेगळं असतं. सोलंगला ऊन आणि सिस्सूला हिमवर्षाव असं अनेकदा होतं.

फोर बाय फोर असूनही घसरली

साहजिक आहे. चार चाकांना ताकद मिळते तेव्हा गाडी सुटते आणि चढते चांगली. थांबताना ती ताकद काही करत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच असतात. उलट गाडी जड असते आणि चढताना आत्मविश्वास वाढलेला असतो. उतरताना फोर-एल (चारही चाकांना ताकद, संथ गिअर) लावून दुसरा गिअर ठेवला, तर इंजिनाचा अडसर चारही चाकांत वाटला जातो, हा खरा फायदा. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर गाडी आपोआप संथ ठेवणारी सोय) ब्रेकच्या जोरावरच चालतं, म्हणून पकड नसेल तिथे तेही हतबल. कोरड्या डांबरावर मात्र फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) किंवा फोर-एल चालू ठेवू नका, गिअरबॉक्सवर ताण येतो.

टायरचं रबर हा त्याहून मोठा मुद्दा. आपल्याकडचे नेहमीचे टायर ७ अंशांखाली कडक होऊ लागतात. टायरवर 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) एवढंच लिहिलेलं असणं पुरेसं नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असलेला टायर हिवाळी कसोटीतून गेलेला असतो. असे टायर नसतील, तर निदान खाचांची खोली ४ मिमी असू द्या. कायद्याला १.६ मिमी चालते, बर्फाला नाही.

'टायरची हवा कमी करा' हा सल्ला सर्रास दिला जातो. खोल, सैल बर्फात त्याचा थोडा उपयोग होतो, गोठलेल्या थरावर होत नाही. थंडीमुळे दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय हवा कमी होते. उलट उंचीमुळे बाहेरचा दाब जितका कमी होतो, तितका मापकावरचा आकडा वर सरकतो. नाशिकला भरलेले ३३ पीएसआय सिस्सूच्या उणे ५ अंशांत ३१ च्या आसपास दिसतील. मनालीत सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा आणि दारावर लिहिलेल्या आकड्यावर आणा. एवढंच.

चाक जागच्या जागी फिरतंय

अॅक्सिलरेटर देत राहिलं की चाकाखालचा बर्फ वितळतो, मग गोठतो आणि खड्ड्याला काचेचा तळ तयार होतो. तीन-चार फेऱ्यांत सुटली नाही, तर थांबा. चाकांच्या पुढचा-मागचा बर्फ फावड्याने काढा, गाडीच्या पोटाला टेकलेला बर्फही काढा. चाकाखाली वाळू, बारीक खडी किंवा राख टाका. दहा किलो वाळू दोन पिशव्यांत भरून नेली, तर वजन काहीच नाही. गोणपाटही चालतं, पण चाक ते मागे भिरकावतं, म्हणून मागे कुणी उभं राहू नये. फुटमॅट टाकायचा असेल, तर खरबरीत बाजू टायरकडे. ट्रॅक्शन कंट्रोल या वेळेपुरता बंद करा, नाहीतर ते चाक फिरूच देत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत, पुढे-मागे झोका द्या. सुटली की सपाटी येईपर्यंत थांबू नका आणि ट्रॅक्शन कंट्रोल परत चालू करा. गरम पाणी कधीही ओतू नका. दहा मिनिटांत तिथे आरसा तयार होतो. मीठ उणे ८-९ अंशांपर्यंत काम करतं, पण वेळ घेतं.

सकाळी गाडी सुरू होत नाही

आधी लक्षण पाहा. डिझेल गाडी सुरू होते, दोन-चार मिनिटं चालते आणि गुदमरून बंद पडते: डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबला आहे. आपल्याकडच्या मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत आणि उन्हाळी १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं की पुरेसं मानलं जातं. उणे १० ची हमी त्यात नाही. लडाखसारख्या भागांसाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं, ते त्यामुळेच. वरच्या भागात मुक्काम करायचा असेल, तर खालून भरलेली टाकी तशीच वर नेऊ नका. ती कमी होऊ द्या आणि वरच्या पंपावर भरा. गोठणरोधक द्रव वापरायचा, तर तो डिझेल पातळ असतानाच टाकावा लागतो. मेण झाल्यावर त्याचा उपयोग नाही. तुंबलाच, तर स्टार्टर मारत बसू नका. गाडी उन्हात ढकला, फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, दुपारची वाट पाहा. टाकीखाली शेकोटी पेटवणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना ट्रकवाल्यांचा उपाय बीएस-६ गाडीचा महागडा पंप खराब करतो, कारण त्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

स्टार्टर 'टक टक' करतो किंवा हळू फिरतो: बॅटरी. शून्य अंशाला तिची ताकद एक तृतीयांशाने घटते आणि घट्ट झालेलं ऑइल जास्त ताकद मागतं. चार वर्षांची बॅटरी घरीच बदलून निघा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

सर्वांत महागात पडणारी चूक महाराष्ट्रातूनच सोबत आलेली असते: रेडिएटरमध्ये भरलेलं साधं पाणी. उन्हाळ्यात टॉप-अप म्हणून नळाचं पाणी टाकलेलं असतं, कूलंट पातळ होतो, गोठतो आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगत असल्याने रेडिएटर किंवा इंजिन ब्लॉकला तडा जातो. निघण्याआधी गॅरेजमध्ये कूलंटची घनता मोजून घ्या. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतं. वायपरच्या टाकीतलंही पाणी काढा आणि तीन भागांत एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल असलेलं मिश्रण भरा. ते उणे १५ पर्यंत चालतं. ज्वालाग्राही आहे, बाटली आगीपासून दूर ठेवा.

हँडब्रेक सुटत नाही: ओली केबल किंवा लायनर गोठलंय. रात्री सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक खालीच राहू द्या. दगडाचा विसर पडू नये म्हणून किल्लीसोबत चिठ्ठी बांधा. वायपर काचेपासून उचलून ठेवा.

काच आणि छत

काचेवरचा बर्फ प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, गरम पाण्याने नाही, काच तडकते. छतावरचा बर्फही काढा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो समोरच्या काचेवर घसरतो आणि काही दिसत नाही. आतून वाफ धरते, तेव्हा हीटरसोबत एसी चालू करा आणि बाहेरची हवा आत घ्या. रिसर्क्युलेशन चालू राहिलं तर काच कधीच साफ होत नाही. बसण्याआधी बुटांवरचा बर्फ झटका, वाफेचं मूळ तेच.

वाटेतच रात्र झाली तर

रांग हलेनाशी झाली की लोक हीटरसाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करतात. मागे बर्फ साचून सायलेन्सर बुजला, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत २० हून अधिक पर्यटकांचा जीव गेला, तेव्हा थंडीसोबत हेही कारण सांगितलं गेलं. इंजिन तासातून दहा मिनिटंच चालू ठेवा, प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ हाताने बाजूला करा, वारा नसलेल्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवा. सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नये. म्हणूनच पेट्रोल-डिझेल निम्म्याखाली जाऊ देऊ नका, आणि जाड पांघरूण, पाणी, खजूर-चिक्की, टॉर्च व पॉवरबँक डिकीत नको, हाताशी हवं. बर्फाने डिकी उघडत नाही. मोबाइलला रेंज आहे तोवर ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि गाडीत माणसं किती हे सांगून ठेवा. अंधारात गाडी सोडून चालत निघू नका. पोलिसांनी किंवा बीआरओच्या (सीमा रस्ते संघटनेच्या) माणसांनी उतरवलं तर मात्र वाद न घालता उतरा, गाडी रस्त्याच्या कडेला घ्या आणि किल्ली त्यांना द्या, म्हणजे बर्फ काढणाऱ्या यंत्राला वाट मिळते.